गाळलेला नमुना

ड्रायक्लीनरनं स्वेटर काउंटरवर ठेवला आणि त्याच्यावर कागदाचं एक लहान पाकीट ठेवलं. "खिशातलं आहे, बाई. आम्ही कुणाचं काही ठेवून घेत नाही," तो म्हणाला. मी कुठे म्हटलं होतं ठेवून घेता म्हणून. रविवारची सकाळ होती, अकरा वाजत आले होते, आईनं येताना साबण आणायला सांगितला होता आणि मला कसलीही घाई नव्हती. दुकानाच्या पायरीवरच मी पाकीट उघडलं. आत केसांची एक पिन, हॉस्पिटलातलं एक्स-रेचं टोकन, नंबर सत्तावीस, आणि एक फाडलेलं वेष्टन. एका बाजूनं कागद, दुसऱ्या बाजूनं प्लास्टिक, मधोमध गोल खळगा. बिस्किटाच्या वेष्टनाकडे बघावं तसं मी त्याच्याकडे क्षणभर बघितलं. मग ते काय आहे ते ध्यानात आलं. मी तिथेच खाली बसले. मागून एक बाई कपड्यांचं गाठोडं घेऊन उतरत होत्या. "चक्कर आली का हो?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. चक्कर आली असती तर बरं झालं असतं. चक्कर येते आणि जाते.

ते वेष्टन एका फिल्टरचं होतं. नाण्याएवढी चकती असते ती. सिरिंजच्या तोंडाला लावायची, दट्ट्या दाबायचा, की पलीकडून गाळलेले थेंब काचेच्या इवल्याशा बाटलीत पडतात. सतरा वर्षं मी गोळ्यांच्या विभागात होते आणि तिथे या चकतीशिवाय पान हलत नव्हतं. गोळी कुटायची, विरघळवायची, गाळायची आणि मगच यंत्राला द्यायची. न गाळता दिली तर गोळीतला भुसा यंत्राच्या नळीत, म्हणजे कॉलममध्ये जाऊन बसतो, आणि कॉलम बसला की साहेबलोक आपल्याला उभं करतात. दिवसाला तीस-चाळीस चकत्या सहज व्हायच्या. गेल्या वर्षी माझी बदली प्रथिनांच्या विभागात झाली. इथली औषधं वेगळी. जिवंत पेशींकडून करवून घेतलेली, अंगानं अवाढव्य आणि स्वभावानं नाजूक. ऊन लागलं, रुसली. कुणी जोरात हलवलं, रुसली. आणि रुसली की एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात. त्या गुठळ्या शंभरात किती आहेत ते मोजायचं, हे माझं काम. म्हणून इथल्या पद्धतीत चौथ्या ओळीत स्पष्ट लिहिलंय की नमुना गाळायचा नाही. कारण शेंबड्या पोरालाही कळेल. चहा गाळून घ्यायचा आणि मग कपात चोथा किती ते मोजायचं, असं कुणी करतं का.

मी केलं होतं. आणि कोणत्या दिवशी केलं तेही त्या टोकनामुळे कळत होतं, कारण एक्स-रेला मी एकदाच गेले होते, तीन आठवड्यांपूर्वीच्या बुधवारी, आई न्हाणीघरात घसरून पडली त्या दिवशी. त्या बुधवारी माझ्या टेबलावर एकच बॅच होती. अकरा हजार सिरिंजा. ज्यांचं शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटतं अशा लोकांसाठीचं इंजेक्शन. सगळ्या तपासण्या संपून शुक्रवारी ती पास झाली होती आणि सोमवारी सकाळी दहा वाजता शीतगृहातून तिची गाडी निघणार होती. हे मला पाठ होतं, कारण शुक्रवारी मीच तो कागद पुढे पाठवला होता. पायरीवर बसून मी ती सगळी सकाळ आठवायचा प्रयत्न केला. स्वेटर घातलेला, कारण आमच्या खोलीत बारा महिने थंडी. वरून पांढरा कोट. कॉलमचं प्रेशर दोन दिवस चढत होतं, आणि तो कॉलम विभागात शेवटचा, नवीन यायला महिना लागणार होता, त्यामुळे मनात धाकधूक होती की हा आपल्या हातून बसू नये. नमुना पातळ केला. मग दारात शिपाई आला, बाई, शेजाऱ्यांचा फोन आहे, आई पडल्यात. हे सगळं लख्ख आठवत होतं. शिपायानं मधे थांबून जांभई दिली होती, तीसुद्धा. पण गाळल्याचं आठवत नव्हतं. नमुना पातळ केला आणि बाटली यंत्रात ठेवली, या दोहोंच्या मधली दोन मिनिटं माझ्यापाशी नव्हतीच. ती माझ्या हातांनी परस्पर उरकली होती. मला कुणाची नव्हे, माझ्या हातांची भीती वाटायला लागली. मी ते स्वेटरखाली घेतले.

घर तिथून दहा मिनिटांवर. मला अर्धा तास लागला असावा. रस्त्यात माणसं नेहमीसारखीच चालत होती आणि मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. फळवाल्याची बोटं, सायकलचं हॅण्डल धरलेल्या मुलीची, बाकावर वर्तमानपत्र धरून बसलेल्या म्हाताऱ्याची. त्या बुधवारी एक्स-रेच्या रांगेत माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, साठीच्या, बोटांचे सांधे वाटाण्यासारखे टपोरे झालेले. पाण्याच्या बाटलीचं झाकण त्यांना उघडेना. मी उघडून दिलं. "आता बरंच बरं आहे हो," त्या म्हणाल्या, "दर पंधरा दिवसांनी इंजेक्शन असतं. आधी तर वेणीसुद्धा घालता येत नव्हती." कोणतं इंजेक्शन ते त्यांनी सांगितलं, आणि माझ्यातली मिरवणारी बया जागी झाली. मी म्हणाले, "ते आमच्याकडेच होतं. मी तपासते ते." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला उगीचच उंच झाल्यासारखं वाटलं. त्यांनी माझा हात हातात घेतला, त्या सुजलेल्या बोटांत, आणि म्हणाल्या, "तुम्ही तपासता ना, मग झालं." त्याच वेळी तिकडे यंत्रात माझी गाळलेली बाटली फिरत होती. पोटात घ्यायचं औषध असतं तर गुठळ्या शरीरानं निस्तरल्या असत्या, पण हे सुईनं थेट आत जातं. शरीराला गुठळी दिसली की ते औषधालाच शत्रू समजतं आणि त्याच्यावर माणसं सोडतं. मग पुढच्या खेपेपासून औषध लागू पडत नाही. कधी कधी सुई टोचल्या टोचल्याच श्वास अडकतो. हे मी नव्या मुलांना शिकवताना फळ्यावर लिहून सांगते, एक, दोन, तीन असे आकडे घालून. फळ्यावर ते किती नीट दिसतं.

आई प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन खिडकीत बसली होती. "साबण?" तिनं विचारलं. मी विसरले म्हणाले. "स्वेटर आणलास ना, का तोही त्याच्याकडेच सोडून आलीस? आणि तोंड का उतरलंय?" मी काही नाही म्हणाले. "काही नाही म्हणजे बरंच काही," आई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. तिची ही जुनी युक्ती. विचारायचं, आणि मग जणू विचारलंच नाही असं बसायचं. मी लहान असताना ती पाणी चौपदरी कापडातून गाळायची. दूध गाळायचं, तेल गाळायचं, नळाला चोवीस तास स्वच्छ पाणी आलं तरी कापड सुटलं नाही. शेजारपाजारचे हसायचे. मीही हसायचे, आणि हसता हसता कापडाचं दुसरं टोक धरून उभी राहायचे. माझ्या हातांना गाळणं तिथेच लागलं असणार, शाळेत जायच्याही आधी. बाबा तब्येतीनं तोळामासा, म्हणून त्यांच्यापर्यंत जाणाऱ्या बातम्याही ती गाळून द्यायची. मी गणितात नापास झाले ते बाबांना कधी कळलंच नाही. ते गेल्यावर मला वाटलं होतं की आपला बाप आपल्याला कधी ओळखतच नव्हता, आणि त्याचा राग मी आईवर चार वर्षं धरला. आता ती समोर बसलेली बघून रागबिग काही नाही, फक्त वाटलं की तिला सगळं सांगावं आणि तिनं म्हणावं, असू दे, मी बघते.

"आई, त्या दिवशी मी हॉस्पिटलात कधी पोचले गं?" मी विचारलं. "कधी म्हणजे? शेजारीण मला घेऊन गेली आणि पाठोपाठ तू आलीस. वाऱ्यावर स्वार होऊन आल्यासारखी." मग ती हसायला लागली. "आणि एका हातात तो तुझा रबरी मोजा तसाच. डॉक्टरांना वाटलं तूच नर्स. तुला म्हणाले, सिस्टर, यांना आत घ्या. अगं, टोकनसुद्धा तू त्या मोज्याच्याच हातानं घेतलंस." मला मोजा आठवत नव्हता. मी आठवून आठवून बघितलं, हॉस्पिटलचा वास आठवला, त्या बाईंची वेणी आठवली, पण हातातला मोजा आठवेना. रबरी मोजा घालून मी भर रस्त्यातून, बसमधून, जिन्यावरून गेले होते, आणि मला पत्ता नव्हता. आईला ते गमतीचं वाटत होतं. जो हात मोजा काढायचं विसरतो तो आणखी काय काय करून बसला असेल आणि मला सांगितलं नसेल. "हसतेस काय," मी आईला म्हणाले. "मग रडू का?" ती म्हणाली.

दुपारी मी स्वयंपाकघराचं दार लोटून मावशीला फोन केला. मावशी म्हणजे माझी सख्खी मावशी नव्हे. विभागातली सगळ्यांत जुनी विश्लेषक, साहेबापासून शिपायापर्यंत सगळे तिला मावशीच म्हणतात. माझ्या प्रत्येक कागदावर तिची दुसरी सही असते. कागदावर दोन रकाने: नमुना कुणी तयार केला, आणि तयार करताना कुणी समोर उभं राहून पाहिलं. पण समोर उभं राहायला वेळ कुणाला आहे. आमची वहिवाट अशी की चारच्या चहाला दिवसभराचे कागद एकत्र यायचे आणि मावशी कपाशेजारी गठ्ठा ठेवून सह्या करत जायची, बोलता बोलता, पान न बघता. मीही तिच्या कागदांवर तशाच करायचे. ही लबाडी आहे असं आमच्या मनाला कधी शिवलं नाही. तो विश्वास होता. एकमेकींच्या हातांवरचा विश्वास.

"कागदावर काय लिहिलंयस?" मावशीनं सगळं ऐकून घेऊन विचारलं. पद्धतीप्रमाणे, मी म्हणाले. "मग झालं की." मी म्हणाले, "मावशी, मी गाळलंय तो नमुना." "तुला गाळताना आठवतंय?" "नाही." "मग कशावरून? वेष्टनं काय, कुठूनही खिशात येतात. गोळ्यांच्या विभागातलं जुनं असेल." स्वेटर गेल्या हिवाळ्यात घेतलेला आहे, मी म्हणाले, बदलीनंतर. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. मग मावशी म्हणाली, "माझी सही आहे गं त्यावर." मी म्हणाले, हो. "मी पाहिलं असं लिहून दिलंय मी. त्या वेळी मी खाली बफरच्या खोलीत द्रावणं बनवत होते. रजिस्टरला माझी नोंद आहे तिथली, वेळेसकट." मला हे सुचलंच नव्हतं. "सात महिने राहिलेत मला रिटायर व्हायला," ती म्हणाली. तिनं ते अगदी साध्या आवाजात सांगितलं, बसला किती वेळ आहे ते सांगावं तसं. मी म्हणाले, "मग काय करू?" "मला कशाला विचारतेस? मी सांगेन त्याच्यावर तू उद्या माझ्याकडे बोट दाखवशील. मी सांगणार नाही." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "आईचा हात कसा आहे?"

सोमवारी साडेसातला मी कामावर होते. आदल्या रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. खोलीत कुणी नव्हतं. यंत्रं आपापली कण्हत होती आणि कॉलमवरचा आकडा हिरवा होता. मी स्टूल ओढून यंत्रासमोर बसले. खरं म्हणजे हे यंत्र मला फार आवडतं. कॉलमच्या नळीत मणी भरलेले असतात, डोळ्यांना पिठासारखे दिसणारे, आणि प्रत्येक मण्याला असंख्य भोकं. औषधाचा एकटादुकटा कण त्या भोकांत शिरतो, रेंगाळतो, बाहेर येतो, पुन्हा शिरतो, म्हणून त्याला शेवटपर्यंत यायला उशीर होतो. गुठळी मात्र कुठल्याच भोकात मावत नाही. ती सरळ चालत येते आणि आधी पोचते. पडद्यावर औषधाचा उंच डोंगर, आमच्या भाषेत पीक, सोळाव्या मिनिटाला उगवतो, आणि गुठळ्या असल्या तर त्याच्याआधी, बाराव्या-तेराव्या मिनिटाला, एक ठेंगणं टेकाड दिसतं. आई सगळ्यांना सांगते, माझी मुलगी पीक बघते, आणि लोकांना वाटतं मी शेतीखात्यात आहे. त्या बुधवारचं टेकाड शंभरात शून्य पूर्णांक चार आलं होतं. दोनपर्यंत चालतं. मावशी म्हणाली होती, आरशासारखं स्वच्छ आलंय बघ.

फ्रिजमध्ये त्याच बॅचच्या राखीव सिरिंजा होत्या. एक काढायची, न गाळता यंत्राला द्यायची, अर्ध्या तासात कळलं असतं. चांगलं निघालं तर वेष्टन कचऱ्यात, मावशीचे सात महिने सुखाचे, माझा हात माझ्यापाशी. मी फ्रिजचं दार उघडलंही. पण यंत्र सगळं लिहून ठेवतं, कोण आलं, किती वाजता, काय दिलं, काय पुसलं. आमच्याकडे सगळ्यांत मोठा गुन्हा चुकण्याचा नाही. आधी चोरून बघायचं आणि मग बरं दिसेल तेवढंच कागदावर आणायचं, तो आहे. आणि खरं सांगायचं तर मला नियमाची भीती नव्हती वाटत. मला भीती वाटत होती की वाईट निघालं तर मी काय करीन. एकटी असताना मी काय करीन याची मला खात्री नव्हती. आदल्या दिवसापर्यंत होती. कुणी विचारलं असतं तर छातीवर हात ठेवून सांगितलं असतं की मी सरळ बाई आहे. आता छातीवर ठेवायचा तर तोच हात होता. फ्रिजचं दार मी लावलं. ते नीट लागलं का ते दोनदा बघितलं.

आमच्या विभागप्रमुखांना सगळे हळूसाहेब म्हणतात, कारण ते एक वाक्य सुरू करतात आणि मधे माणूस चहा पिऊन येऊ शकतो. साडेआठला ते आले. मी त्यांच्या टेबलावर वेष्टन ठेवलं आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. सांगताना आवाज कापत होता, आणि मी तो कापू दिला. त्यांनी वेष्टन उचललं, उजेडात धरलं, खाली ठेवलं. "आठवतंय का तुम्हाला, गाळल्याचं?" नाही, मी म्हणाले. "म्हणजे... नसेलही गाळलं." नसेलही, मी म्हणाले. "हे तुम्ही मला सांगितलंत आणि ते नसेलच झालं, तरी... तुमच्या नावावर हे राहणार. कळतंय ना? आणि त्यांच्याही." त्यांनी मावशीचं नाव घेतलं नाही. मी हो म्हणाले. मी खुर्चीची पाठ धरली. ते घड्याळाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हे म्हणणार, जा, कामाला लागा. आणि मला, खोटं कशाला बोलू, तसं त्यांनी म्हणावं असं फार वाटत होतं. मग त्यांनी शीतगृहाला फोन लावला आणि एरवी कधी बोलत नाहीत इतक्या झटक्यात म्हणाले, "दहाची गाडी भरू नका."

नमुना या वेळी मावशीनं तयार केला. ती आली तेव्हा तिला सगळं कळलेलं होतं. ती माझ्याकडे न बघता मोजे घालत होती. हळूसाहेब तिच्या खांद्याशी हात मागे बांधून उभे होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि मी बाजूला. सतरा अधिक एक वर्षांत दुसरी सही डोळ्यांनी होताना मी पहिल्यांदा बघत होते. मावशीनं मधेच सिरिंज खाली ठेवली आणि ती म्हणाली, "असं अंगावर उभं राहिलं की नाही जमत." हळूसाहेब म्हणाले, "जमवा." बाटली आत गेली. आम्ही तिघं पडद्यासमोर बसलो. पहिली दहा मिनिटं रेष सपाट असते, तिथे बघण्यासारखं काही नसतं, पण कुणी नजर हलवली नाही. अकरावं मिनिट गेलं. आणि त्या वेळी माझ्या मनात जे आलं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. मला वाटलं, टेकाड मोठं येऊ दे. दोनच्या वर जाऊ दे. म्हणजे मी बोलले ते वाया गेलं नाही असं होईल, मावशीला माझं तोंड बघवेल, साहेबांनी गाडी थांबवली ते बरोबर ठरेल. अकरा हजार सिरिंजा खराब निघाव्यात असं मी देवाजवळ मागत होते. त्या रांगेतल्या बाई माझ्या डोळ्यांसमोर आल्या, झाकण उघडून देत मी त्यांच्या शेजारी बसलेली, आणि मला स्वतःची इतकी किळस आली की मी ओठ चावला.

टेकाड आलं. आधीपेक्षा उंच होतं, नुसत्या डोळ्यांनी कळत होतं. सोळाव्या मिनिटाला डोंगर उगवला, उतरला, तिसाव्या मिनिटाला यंत्र थांबलं आणि आकडा पडला. एक पूर्णांक एक. पुन्हा एकदा केलं, दुसऱ्या सिरिंजेतून. एक पूर्णांक एक. हळूसाहेबांनी खुर्ची मागे सरकवली. "म्हणजे... गाळलं होतंत तुम्ही," ते म्हणाले. "पण बॅच चांगली आहे." मावशीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि तिच्या बोटांमागून कसलासा आवाज आला. मला वाटलं रडतेय, पण ती हसत होती. "मेले तुझ्यामुळे," ती म्हणाली, आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला, चांगला सणसणीत. मग खरंच रडली. हळूसाहेब म्हणाले, चौकशीचा कागद होईल, दोघींनाही ताकीद मिळेल, महिनाभर पुन्हा प्रशिक्षण, आणि यापुढे चहाच्या टेबलावर एकही सही झालेली मला दिसता कामा नये. मावशी सगळ्याला हो हो म्हणत होती. माझ्या अंगातून तर कुणीतरी हाडं काढून घेतल्यासारखं झालं होतं. चांगली आहे. बॅच चांगली आहे. त्या बाईंना वेणी घालता येईल.

"ते फिल्टर आधी इथून काढा," हळूसाहेब म्हणाले. "या खोलीत ते नकोतच. मोजून आणा, नष्ट केले म्हणून... आकडा लिहायला लागेल." फिल्टर माझ्या टेबलाच्या खालच्या खणात होते. दुसऱ्या कुणाचा तो खण नाही आणि विभागात दुसऱ्या कुणाला फिल्टरचं काम नाही. बदली झाली तेव्हा गोळ्यांच्या विभागातल्या मुलांनी थट्टेनं मला एक नवी पेटी बांधून दिली होती, घ्या बाई, माहेरची आठवण म्हणून, आणि मी ती हसत हसत या खणात टाकली होती. मी पेटी काढून टेबलावर उपडी केली. चकत्या आपापल्या वेष्टनांत पसरल्या. बोटानं एकेक बाजूला सारत मी मोजल्या. मग पुन्हा मोजल्या, दोनदोनच्या जोड्या लावून. मावशी दारात उभी होती, डोळे पुसून झाले होते, चल गं, आधी चहा घेऊ, म्हणत होती. हळूसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं होतं. "हं, किती?"

मी एकच गाळला होता. निदान एकाच दिवशी मला घाईनं बोलावणं आलं होतं आणि एकच वेष्टन कचऱ्याच्या डब्यात न जाता माझ्या खिशात गेलं होतं. इथे येऊन मला अकरा महिने झाले होते. महिन्याला तीन बॅचेस. त्यातल्या कुठल्याच दिवसाची ती दोन मिनिटं मला आठवत नव्हती, आणि आठवत नाहीत हे आजवर माझ्या लक्षातही आलं नव्हतं. टेबलावरच्या चकत्यांकडे दुसरं कुणी बघत नव्हतं. पेटी केवढ्याची होती ते कुणी विचारलं नव्हतं. नुसता आकडा सांगितला असता तरी तो खराच होता.

"एकोणीस," मी म्हणाले. हळूसाहेबांनी लिहिलं. "पेटी पन्नासची होती, साहेब. सीलबंद. माझ्याशिवाय कुणी उघडलेली नाही."

त्यांचं पेन कागदावरच थांबलं. मावशी दारातून परत आत आली आणि तिनं दार लावून घेतलं. हळूसाहेब मनातल्या मनात वजाबाकी करत होते, ओठ हलत होते, आणि ती जमेना असं वाटत होतं. शेवटी त्यांनी विचारलं, "तुमच्या त्या बॅचेसपैकी... आत्ता शीतगृहात किती आहेत?"

"ही एकच," मी म्हणाले.